मौजनगरीचा पासधारक

योगेश काळबांडेला पाण्याची भीती वाटायची, आणि दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं की त्याचे पाय लटपटायचे. असा हा माणूस सात वर्षं 'मौजनगरी'चा वार्षिक पासधारक होता. मौजनगरी म्हणजे लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला, उसाची शेतं विकली गेली त्या जागी उभं राहिलेलं थीम पार्क. पाण्याच्या घसरगुंड्या, गरगर फिरणारी जहाजं, आणि भर उन्हात अस्वलाचा पोशाख चढवून पोरांशी हात मिळवणारा एक घामाघूम माणूस. आयटीवाल्यांच्या खिशात पैसा खुळखुळायला लागला, तशी पुण्याच्या चहूबाजूंनी असली ठिकाणं उगवायला लागली. योगेश मात्र आयटीवाला नव्हता.

तो धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसहून आयटीआय करून पुण्याला आला, तेव्हा नवनव्या मोटारींच्या कंपन्या येत होत्या आणि हाताला काम होतं. लग्न होऊन दीपमाला आली ती बारावी झालेली. ती हुशार आहे हे सगळ्यात आधी योगेशच्याच ध्यानात आलं, आणि त्यानंच तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. फी त्यानं ओव्हरटाइम करून भरली, आणि हे तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. दीपमाला शिकली. आधी डेटा एंट्री, मग सॉफ्टवेअर तपासायचं काम, मग हिंजवडी, दारात कंपनीची बस आणि गळ्यात ओळखपत्र. इकडे वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, आणि आज ना उद्या कायम होऊ म्हणून वाट बघणाऱ्या योगेशला कंत्राटावर टाकलं गेलं. घरात भांडणं म्हणावीत अशी झालीच नाहीत. बोलण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच. ती रात्री घरी यायची तेव्हा तो झोपलेला असायचा, आणि जागा असला तर झोपेचं सोंग घ्यायचा. परस्पर संमतीनं दोघं वेगळी झाली तेव्हा मुलगी राजनंदिनी सात वर्षांची होती.

कोर्टानं पोरीला आईकडे दिलं आणि बापाला महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार दिला. सकाळी कर्वेनगरच्या सोसायटीच्या फाटकावरून न्यायचं, संध्याकाळी तिथंच आणून सोडायचं. योगेशनं मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर त्याला प्रश्न पडला, की हिला न्यायचं कुठं? धायरीत पिठाच्या गिरणीवरची एक खोली त्यानं घेतली होती. गिरणी चालू झाली की भांडी थरथरायची. संडास चार बिऱ्हाडांत एक. पोरीला तिथं नेऊ नका असं कोर्टानं सांगितलं नव्हतं, दीपमालानंही नाही. ती लाज त्याची त्यानंच पदरात घेतलेली होती.

म्हणून सुरुवातीचे रविवार बागांतून गेले. राजनंदिनी बाकावर पाय हलवत बसायची आणि अधूनमधून विचारायची, "बाबा, किती वाजले?" तो घड्याळ बघून सांगायचा. मग एका रविवारी पेपरातली जाहिरात पाहून तो तिला मोटरसायकलवर बसवून मौजनगरीला घेऊन गेला. आणि तिथं ती हसली. घसरगुंडीवरून धपकन पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर येऊन खदखदून हसली. घर मोडल्यापासून त्यानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती त्याच्या पाठीला गाल लावून झोपली. पडेल म्हणून त्यानं तिला आपल्या कमरेशी टॉवेलनं बांधून घेतलं आणि हडपसरपासून कर्वेनगरपर्यंत गाडी अशी हाकली की सायकलवाले पुढे गेले. त्याच्या आयुष्यात त्या दिवसाइतका चांगला दिवस दुसरा आला नाही.

पुढच्या खेपेला तिकीट काढताना खिडकीवरच्या मुलीनं त्याला वार्षिक पासाचं गणित समजावलं. फॅमिली पास, एकाच कार्डावर दोघांचे फोटो. चार वेळा आलात की पैसे वसूल, सर, पुढचं सगळं फुकट. आपल्याला तर वर्षाला दोन डझन रविवार मिळणार, त्यानं मनात म्हटलं. न परवडायला झालं काय? फोटो काढताना राजनंदिनीनं जीभ बाहेर काढली आणि तो तसाच छापून आला.

वर्कशॉपमध्ये त्यानं ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. फोरमन हिंदुराव हे पुण्यातच जन्मले-वाढलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड लांब धरून वाचलं आणि परत देत म्हणाले, "म्हणजे आता इथं सहा दिवस हजेरी आणि तिथं सातव्या दिवशी. पगार फक्त इथंच मिळेल, एवढं लक्षात असू द्या." सगळे हसले, योगेशही हसला. हिंदुरावांच्या बोलण्यातलं खरं काय ते त्याला कळायला फार वर्षं लागली.

पहिली दोन-तीन वर्षं मात्र दृष्ट लागावी अशी गेली. पोर शनिवारी रात्रीच पिशवी भरून ठेवायची. पोहायचे कपडे, टॉवेल, आईनं दिलेली क्रीमची ट्यूब. योगेश मेथीचे पराठे घेऊन यायचा, आणि आत डबा आणायला बंदी म्हणून दोघं फाटकाबाहेर लिंबाखाली गाडीवरच बसून खायची. घसरगुंडीवर तो काही जायचा नाही. खाली कठड्याला धरून उभा राहायचा आणि ती प्रत्येक वेळी वरून हात हलवायची. तो हात हलला की त्याचा पंधरवडा निघायचा.

मग पास महागायला लागला. एक वर्षी नवी घसरगुंडी आली म्हणून, एक वर्षी सेवाकर वाढला म्हणून, आणि एक वर्षी काहीच कारण न देता. चौथ्या वर्षी तर कमालच झाली. साध्या पासावर रविवार बंद. रविवार हवा असेल तर गोल्ड. गोल्डची किंमत पहिल्या पासाच्या चौपट. म्हणजे ज्याला रविवारखेरीज वारच नाही, त्याला बरोबर कोंडीत पकडलं होतं. खिडकीवरच्या मुलीला त्यानं विचारलं, की आधी तर सगळे वार चालत होते? तिनं गोड आवाजात सांगितलं की पॉलिसी बदलली, सर. बाकीचे लोक अशा वेळी चार शिव्या हासडून घरी जातात आणि त्या पैशात मुलांना महाबळेश्वर दाखवून आणतात. योगेशला ते सुचलं नाही. पोर हसायची ती या एकाच जागी, आणि त्या जागेला त्यांनी कुलूप घातलं होतं. त्यानं दिवाळीला दिग्रसला आईकडे जायचं रद्द केलं आणि गोल्ड काढला.

इथून पुढे जे झालं त्याला योगेशच जबाबदार आहे, आणि त्याची कीव आली तरी ते सांगायला हवं. पुण्यात पंधरा-सोळा वर्षं काढून त्याला एक पुणेरी रोग जडला होता. पैसे दिले ना, मग वसूल झाले पाहिजेत. पास जितका महाग, तितका तो जास्त वसूल करायचा. राजनंदिनीची परीक्षा असो, सर्दी असो, भर पावसाळ्यात निम्मे खेळ बंद असोत, रविवारी स्वारी मौजनगरीला. पावसात दोघं पत्र्याच्या शेडखाली थंडगार सँडविच खात बसायची आणि समोर ते अस्वलही शेडखाली उभं असायचं. आत शिरल्यावर कुठला खेळ राहिला, कुठल्या रांगेत आधी लागायचं, याचा योगेश असा हिशेब करायचा की वर्कशॉपमधला जॉब बरा. पोर म्हणायची, बाबा, बसू ना जरा. तो म्हणायचा, बसायचं तर घरी पण बसता येतं.

पाचव्या वर्षी कधीतरी तिनं गाडीवर मागून विचारलं होतं, "बाबा, आज तुमच्या रूमवर जाऊ या का? मला बघायचीय."

"तिथं काय आहे पाहण्यासारखं," योगेश म्हणाला. आणि वर जोडलं, "पास आहे न आपला."

तिनं पुन्हा एकदा, काही महिन्यांनी, विचारून पाहिलं. त्यानं गाडी हडपसरकडेच घेतली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. त्याला वाटलं, चला, विसरली.

दोघं बोलायची ती रांगेत. म्हणजे योगेश बोलायचा, पुढे किती माणसं आहेत ते. मौजनगरीत प्रत्येक खेळापाशी उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती, त्यामुळे पोर किती वाढली हे बापाला अगदी बोटभर हिशेबानं ठाऊक होतं. तिला शाळेत कोण मैत्रीण आहे, तिनं कथक का सोडलं, रात्री ती आईशी भांडून कशासाठी रडते, यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. ती आता भराभर इंग्रजीत बोलायची आणि त्याच्या तोंडून वऱ्हाडी 'करून राहिलो' निघालं की हळूच इकडेतिकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. ते त्याला दिसायचं. दिसलं की तो आणखीनच रांगेबद्दल बोलायचा.

आणि मग जानेवारीतला तो रविवार आला. चांगलीच थंडी होती, पार्कात शुकशुकाट होता, आणि योगेश खुशीत होता, कारण रांगच नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळे खेळ दोन-दोनदा होणार होते. राजनंदिनी म्हणाली, मला आज पाण्यात नाही जायचं. का, तर पोटात दुखतंय. तो म्हणाला, दोन घसरगुंड्या केल्या की पोट मोकळं होईल. ती नको म्हणाली, तो म्हणाला जा, ती पुन्हा नको म्हणाली. तेव्हा त्याचा आवाज चढला. एवढे पैसे घातले ते काय बाकावर बसायला, असं काहीतरी तो बोलून गेला, आणि आजूबाजूच्या दोन-चार लोकांनी वळून पाहिलं. राजनंदिनी लाल झाली आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालत गेली. तो खाली कठड्यापाशी जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा वर बघत. वरून कुणी हात हलवला नाही.

बऱ्याच वेळानं कपडे बदलायच्या खोलीवर कामाला असलेल्या कौशल्याबाई त्याला शोधत आल्या. सात वर्षांत ही दोघं त्यांच्या ओळखीची झाली होती. पदरानं हात पुसत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, पोर आत रडत्या. मोठी झालीय ती आता. आज पाण्यात न्यायाचा दिवस न्हाई तिचा. तुमाला कसं सांगावं तिनं?"

योगेशच्या तोंडात मारल्यासारखं झालं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. राजनंदिनी बाहेर आली ती डोळे पुसूनच. तो काहीतरी बोलणार होता, 'बेटा' एवढंच बोलला. परत येताना ती गाडीवर मागे अशी बसली की मध्ये पिशवी होती. त्याला माफी मागायची होती. पण बापानं मुलीची माफी कशी मागायची, आणि तीही असल्या गोष्टीची, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. कर्वेनगरला फाटकावर त्यानं फक्त एवढंच म्हटलं की पुढच्या खेपेला ऊन पडेल.

पुढच्या खेपेला वॉचमननं खिडकीतून सांगितलं की राजनंदिनीताईला बरं नाही. त्याच्या पुढच्या वेळी क्लास होता. मग वार्षिक परीक्षा. मग सुट्टीत ती आजोळी. योगेश दर वेळी दहाला पाच कमी असताना फाटकावर हजर, आणि दर वेळी वॉचमनच्या तोंडावर तेच अवघडलेलं हसू. शेवटी दीपमालाचा फोन आला. वेगळं झाल्यापासून ती त्याला ना 'अहो' म्हणायची ना नावानं हाक मारायची, थेट मुद्द्यावर यायची. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला झोंबलं. ती म्हणाली की राजनंदिनीला यायचं नाहीये, मी जबरदस्ती करणार नाही, आणि कोर्टात जायचं तर जरूर जा, मी आडवी येणार नाही.

मधल्या काळात पासाची मुदत संपली होती. गोल्ड पुन्हा वाढला होता. कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. योगेशनं तो काढला. त्याचं म्हणणं असं, की पास नसला आणि पोर अचानक आली तर न्यायची कुठं? हिंदुरावांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि ते मशिनकडे गेले. फोटोसाठी मुलगी हजर नव्हती म्हणून खिडकीवरच्या मुलीनं जुनाच फोटो चिकटवला.

कोर्टात त्यानं अर्ज केला, की मला माझे रविवार मिळत नाहीत. न्यायाधीशबाईंनी राजनंदिनीला आत बोलावून घेतलं, दार लावून घेतलं, आणि अर्ध्या तासानं बाहेर आल्यावर सांगितलं की मुलगी आता जाणती आहे, तिच्या मनाविरुद्ध भेट होणार नाही, तिला वाटेल तेव्हा ती येईल. बस्स. सात वर्षांचे रविवार एका वाक्यात संपले. दीपमाला कागदांवर सह्या करायला वकिलाबरोबर गेली आणि कॉरिडॉरमध्ये बाकावर बाप-लेक राहिली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. चौदा वर्षांची झाली होती ती. योगेशला कळत होतं की ही वेळ पुन्हा येणार नाही.

"तिकडे नाही नेणार आता," तो म्हणाला. "तू म्हणशील तिथं जाऊ. माझ्या खोलीवर जाऊ. कुठं जायचं, सांग न तू."

राजनंदिनीनं त्याच्याकडे पाहिलं. ती विचार करत होती, अगदी मनापासून करत होती.

"आता कुठेच नाही, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा जायचं होतं."

ती रागानं बोलली असती तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. राग निवळतो, आज ना उद्या पोर परत येते. पण ती शांतपणे बोलली, आणि उठून आईकडे जाताना तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला, परगावच्या पाहुण्याच्या लावतात तसा.

पुढचा चौथा रविवार आला. योगेश सवयीनं उठला, सवयीनं दाढी केली, पराठे लाटले. कर्वेनगरच्या फाटकावर जायचं आता कारण नव्हतं, म्हणून तो तिकडे गेला नाही. पण खोलीत बसवेना. खाली गिरणी बंद होती आणि सगळीकडे इतकी शांतता होती की त्याला ती सहन होईना. त्यानं गाडी काढली आणि ती हडपसरकडे वळली. पास आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. अजून दहा महिने आहेत. कौशल्याबाईंना भेटू, जरा कठड्यापाशी उभं राहू.

मौजनगरीच्या फाटकावर नवा रखवालदार होता, कुठल्याशा सिक्युरिटी कंपनीचा, ढगळ गणवेशातला. त्यानं कार्ड घेतलं, फोटो पाहिले, योगेशच्या मागे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ती पाटी सगळी वर्षं तिथं असणार, पण ती वाचायची योगेशवर कधी वेळच आली नव्हती. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी एकट्या पुरुषांना आत सोडत नसत.

"पास आहे न माझा," योगेश म्हणाला. "गोल्ड आहे."

"पास हाय वो, खरं हाय. पण एकट्याला न्हाई चालत. आत बायामाणसं असत्यात. फॅमिली पायजे." रखवालदार काही वाईट माणूस नव्हता. त्यानं जीभ बाहेर काढलेल्या पोरीच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही कुठंय?"

योगेशनं रस्त्याकडे पाहिलं. गाड्यांमागून गाड्या येत होत्या, काचा खाली करून पोरं आतून ओरडत होती.

"येऊन राहिली मागून," तो म्हणाला.

मग बाजूला थांबा, असं रखवालदारानं सांगितलं. योगेश बाजूला थांबला. लोक येत राहिले, हाताला कागदी पट्ट्या बांधून आत जात राहिले. आतून पाण्यात धपकन पडल्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाला त्याची मान तिकडे वळत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रखवालदारानं आपली प्लॅस्टिकची खुर्ची त्याला दिली. आणखी वेळ गेला. रखवालदार भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता अर्धी भाकरी पुढे केली.

योगेशनं मांडीवरची पराठ्यांची पिशवी घट्ट धरली.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "ती आल्यावर जेवू आम्ही."